धारेचा गडू

काल्याच्या कीर्तनाला उभं राहण्याआधी महाराजांनी गंगेचं पाणी प्यायचं आणि मग तेच पाणी पळीपळीने मांडवातल्या प्रत्येकाच्या तळहातावर पडायचं, ही आमच्या सावरघाटच्या सप्ताहाची रीत. गंगा म्हणजे आमची वैनगंगा. काशी लांब आहे. ही आमच्या परसाला लागून आहे, आणि माय काही लांबून आली म्हणून जास्त माय होत नाही.

ते पाणी आणण्याचा मान भागीरथाबाईंचा. त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाईंचा होता. तांब्याचा गडू, चिंचेने घासून घासून लालबुंद केलेला, गळ्याला दोरा, तोंडावर आंब्याचं पान. आणि नियम एकच. गडू धारेत भरायचा. सासूबाईंनी पहिल्यांदा हाती दिला तेव्हाच बजावलं होतं, "चालतं पानी देवाचं, बसलं पानी बेडकाचं."

मार्गशीर्षात धान घरी आलं की आमचा सप्ताह बसतो. तोवर नदी आखडलेली असायची. अलीकडे नुसती पांढरी रेती आणि धार पार पलीकडच्या काठाला. भागीरथाबाई उजाडता उजाडता ती रेती तुडवत जायच्या, गुडघाभर धारेत उभ्या राहायच्या, वरच्या अंगाला तोंड करून हात जोडायच्या आणि गडू बुडवायच्या. मी त्यांची शेजारीण. पुष्कळदा सोबत गेले. माझं काम त्यांच्या चपला धरायचं आणि थंडीने कुडकुडायचं.

मग खाली काही कोसांवर नदीला बांध झाला. पावसाळ्यात त्याची दारं उघडी असतात, पावसाळा सरला की बंद. पहिल्यांदा दारं लागली त्या दिवाळीत पाणी रोज थोडं थोडं चढत रेती गिळत आलं आणि महादेवाच्या देवळाच्या खालच्या पायरीला टेकलं. गाव हरखून गेलं. गंगामाय दारी आली! बायकांनी ओटी भरली, रामाजींनी नारळ फोडला. रामाजी म्हणजे भागीरथाबाईंचे दीर, सप्ताहाचे विणेकरी आणि गावातला शेवटचा शब्द. ते म्हणाले, "आजवर आपन तिच्याकडं जात होतो. आता ती आपल्याकडं आली. याहून मोठा चमत्कार पाह्यला का कोनी?"

आणि बांधाने दिलं ते खोटं म्हणता येणार नाही. चैत्रात कोरड्या पडणाऱ्या विहिरींना पाणी राहिलं. ज्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, एकच पीक यायचं तिथे उन्हाळी धान डोलू लागलं. मिरची, वांगी बाजारात जाऊ लागली. देवाने दिलं ते घेताना आम्ही कधी लाजलो नाही.

चूक आमची दुसरीच होती.

आमच्या गावातून एक नाला वाहतो. जंगलातून येतो, वस्तीच्या कडेने जातो आणि देवळाच्या वरच्या अंगाला गंगेला मिळतो. त्याच्या तोंडाशी गावाचा उकिरडा. गटाराचं पाणीही तिथेच. आमच्या आजेसासऱ्यांच्या आधीपासून तिथेच. आषाढात पूर आला की सगळं धुऊन जायचं, म्हणून कुणाला कधी कचऱ्याची काळजी करावी लागली नाही. "गंगामाय झाडून नेते," असं आम्ही म्हणायचो, जशी काही ती आमच्याकडे कामाला होती. सप्ताह संपला की सात दिवसांचं निर्माल्य आणि महाप्रसादाच्या उष्ट्या पत्रावळी टोपल्यांत भरून, टाळ-मृदंग वाजवत, दिंडीने नदीत सोडायच्या. त्यालाही आम्ही सेवाच समजत होतो. धार ते सगळं डोळ्यांदेखत वळणापलीकडे न्यायची. वळणापलीकडे कोण राहतं, हे कुणी विचारलं नाही.

बांधाची दारं लागल्यावर धार गेली. पाणी बसलं. पहिल्याच वर्षी काल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोडलेले झेंडूचे हार तरंगत परत पायरीशी आले. आणि आम्ही काय केलं? ते उचलले, डोळ्यांना लावले, घरोघरी देव्हाऱ्यात ठेवले. गंगामायने प्रसाद परत दिला म्हणून! त्याच्या दुसऱ्या दिवशी, पत्रावळींच्या जागी अलीकडे आलेल्या थर्माकोलच्या ताटल्या परत आल्या, तेव्हा मात्र कुणी डोळ्यांना लावल्या नाहीत. काठीने ढकलून दिल्या. त्या पुन्हा आल्या.

मुखरू ढिवर तेव्हाच बोलला होता. "पानी बसलं का तळ सडते, रामाजीभाऊ. जाळं वर काढलं तं वास येऊन राह्यला."

"मासोळीचा वास ढिवराले नाई येईन तं कोनाले येईन?" रामाजी म्हणाले, आणि जमलेले सगळे हसले.

भागीरथाबाईंचा गडू मात्र अडला. धार कुठे आहे? सगळी नदीच एक तळं. त्यांनी खूप विचार केला आणि मनाची समजूत घातली की एवढी मोठी नदी, खालून कुठे तरी चालतच असेल. पायरीवर बसून गडू भरला. रेती तुडवायची नाही, कुडकुडायचं नाही. मलाही बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

दोन सप्ताह असे गेले. दुसऱ्या वर्षी काल्याच्या तिसऱ्या दिवशी गाव आडवं झालं. घराघरात हगवण, ओकाऱ्या. आमची आशा कार्यकर्ती हर्षा, नाल्यापलीकडच्या नागसेनची बायको, औषधाच्या पुड्या घेऊन दारोदार फिरली. काहींना तालुक्याला सलाईन लावावं लागलं. देवाची कृपा, सगळे घरी आले. मग दोष कुणाचा, याची चर्चा बसली. कुणी दह्याला बोललं, कुणी बुंदीला. गुणाबाईंनी विहिरीवर बादली ओढता ओढता सहज म्हटलं, "आमच्या घरी सुतक होतं. घरी आलेलं दही, बुंदी खाल्ली, पन कोनी तीर्थ घेतलं नाई. आमी ठणठणीत राह्यलो."

भागीरथाबाई तिथेच उभ्या होत्या. बादली तशीच ठेवून घरी आल्या. त्या दिवसापासून त्यांनी गडूबद्दल एक शब्द काढला नाही. चिंच मात्र आणून ठेवली, वाळवली, बरणीत भरली. मी समजले, आत काही तरी चाललं आहे.

पुढच्या वर्षी सप्ताह बसला त्याच सकाळी हर्षा आली. हातात एक छोटी काचेची बाटली, आत औषध लावलेली कागदाची पट्टी.

"बाई, यात नदीचं पानी भरून द्या. बूच लावून उबेत ठेवा. काळं पडलं तं समजा पान्यात घाण आहे. नाई पडलं तं चांगलं."

भागीरथाबाईंनी बाटली उलटसुलट करून पाहिली. "अवं हर्षा, गंगेची परीक्षा घ्याची? अन् नापास झाली तं काय करता, घरी बसवता का तिले?"

"ते नाई नापास होत बाई. आपन होतो."

हर्षा गेल्यावर भागीरथाबाई म्हणाल्या, "या पोरीले कीर्तनाले बसवलं पाह्यजे. बोलते चांगलं."

"ते बुद्धविहारात जाते बाई."

"मंग तिथी बोलत असन."

त्यांनी बाटली भरली आणि उबेला म्हणून ठेवली कुठे, तर देव्हाऱ्यात, समईच्या बाजूला. मला म्हणाल्या, "देवाजवळ ठेवलं. त्याले जे दाखवाचं ते दाखवो."

त्या संध्याकाळी हेमराज महाराजांचं कीर्तन सुरू झालं. महाराज आरमोरीकडचे. आवाज असा की मृदंग बाजूला ठेवला तरी चालेल, आणि मिरचीच्या भाजीचे एवढे शौकीन की त्यांच्या पंगतीला वाढणारी घाबरते. कीर्तनाला बसलं की मला माझं घरच आठवत नाही. चुलीवर दूध ठेवून गेलेली मी एकटी बाई नव्हे या गावात. दुसऱ्या दिवशीच्या कीर्तनात त्यांनी एक सुंदर वाक्य टाकलं. "गंगा कधी मळत नाही, बाप्पा! मळतं ते आपलं मन!" मांडवाने टाळी दिली. मीही दिली. शेजारी भागीरथाबाईंचे हात मांडीवरच होते.

घरी आल्यावर त्यांनी मला बोलावलं. देव्हाऱ्यातली बाटली उजेडात धरली. काजळ कालवल्यासारखी काळीकुट्ट.

त्यांनी बाटली पुन्हा समईजवळ ठेवली. मग त्या म्हणाल्या, "महाराज खोटं बोलत नाई. हे बाटलीबी खोटं नाई बोलत. मंग खोटं कोन बोलून राह्यलं?"

मी म्हटलं, "बाई, यंदा गडू विहिरीचा भरा. कोनाले कळनार आहे?"

"मले कळन," त्या म्हणाल्या. "अन् ज्याले द्याचं त्यालेबी."

सकाळी त्या रामाजींकडे गेल्या. मी दारातच थांबले, पण रामाजींचा आवाज दाराला थांबत नाही.

"वहिनी, तुमी काय बोलून राह्यल्या? गडूबिगर काला? आपल्या घरानं कधी मोडला का नेम?"

"भाऊजी, नेम धारेचा होता. तो तं आपन पायरीवर बसून मोडलाच."

"महाराजानं भर मांडवात सांगतलं, गंगा मळत नाई. आता तुमी महाराजाहून शहाण्या झाल्या का?" मग आवाज खाली आला. "अन् समजा तुमी नाई म्हटलं, तं लोक काय म्हनतीन? मागच्या साली तीर्थानंच झालं म्हनतीन. आपल्या घराचं नाव जाईन. गुणाबाई टपूनच बसली आहे. मान तिच्या घरी गेला का परत येनार नाई."

भागीरथाबाई बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला म्हणाल्या, "चाल वो, चिंच भिजू घालू."

मी समजले, वाद मिटला. मी बरणी काढायला त्यांच्या मागोमाग गेले.

काल्याच्या दिवशी मांडव भरून वाहत होता. कढईत बुंदी, चुलाणावर भात, वर बांधलेली दह्याची हंडी. महाराज पागोटं सावरून उभे राहिले. रामाजींनी वीणा छातीशी धरली. "वहिनी, गडू!"

भागीरथाबाई उठल्या. गडू झगझगत होता. त्यांनी सकाळी पायरीवर बसून तो भरला होता, मी चपला धरून उभी होते. बायकांमधून वाट काढत त्या महाराजांसमोर गेल्या. महाराजांनी दोन्ही हात पुढे केले.

भागीरथाबाईंनी गडू दिला नाही.

टाळ एकेक करून थांबले. मागे कुणाचं तरी लेकरू रडत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

"द्या माय," महाराज म्हणाले.

"नाई देत, महाराज."

"वहिनी!" रामाजींनी वीणा घट्ट धरली. "मांडवात तमाशा नोको."

भागीरथाबाई मागे वळल्या नाहीत. महाराजांकडे बघतच बोलल्या, पण आवाज मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला. "तुमी म्हनले गंगा मळत नाई. मी मानते. पन आमी जे तिच्यात टाकलं ते कुठी जाईन, महाराज? पयले वाहून जात होतं. आता खाली दार लागलं आहे. आमचा उकिरडा, आमचं गटार, आमच्या उष्ट्या पत्रावळी, समदं इथीच बसलं आहे, अन् त्याच पान्याचा हा गडू आहे. मागच्या साली मीच देल्लं. गाव बिमार पडलं, ते दही नोतं अन् बुंदी नोती. माह्या हातचं तीर्थ होतं." त्यांनी श्वास घेतला. "मान जाते तं जाऊ द्या. ज्याले पाह्यजे त्याले द्या. पन हे पानी मी तुमाले पाजनार नाई."

मी गुणाबाईंकडे पाहिलं. सगळ्याच बायकांनी पाहिलं. गुणाबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

महाराजांनी हात पुढेच ठेवले होते. त्यांनी हळूच तो गडू भागीरथाबाईंच्या हातातून घेतला. आता हा माणूस हट्टाने पितो की काय! महाराजांनी गडूत डोकावून पाहिलं, नाकाजवळ नेला आणि मांडवाच्या दाराशी बांधलेल्या केळीकडे चालत गेले. तिच्या बुडाशी सगळं पाणी ओतलं. रिकामा गडू परत आणून भागीरथाबाईंच्या हातात दिला आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"अरे देवा, महाराज, हे काय!" त्या मागे सरकल्या.

"बसा माय," महाराज म्हणाले. "मान कुठी जात नाई. आज मी बिनतीर्थाचा उभा राहतो. त्या दिवशी बोललो ते घाट न पाहताच बोललो. आता कीर्तन ऐका."

आणि काय कीर्तन झालं! काल्याला गोकुळाची कथा असतेच. त्यांनी यमुनेच्या डोहातला नाग घेतला. "डोहातलं पाणी विषारी झालं, गाई पडल्या, गोपाळ पडले. तेव्हा कान्हा काय म्हणाला? 'यमुना पवित्र आहे रे, प्या बिनधास्त,' असं म्हणाला का?"

"नाई!" मांडव ओरडला.

"मग? कंबर कसली, झाडावर चढला आणि उडी घेतली. आधी नाग काढला, मग पाणी पाजलं. अन् तो नाग बाहेरून आला होता बरं. तुमचा सावरघाटचा नाग घरचाच आहे, सकाळ-संध्याकाळ तुमीच त्याला खाऊ घालता!" हशा असा उसळला की हंडी हलली. मग त्यांनी तिथल्या तिथे एक चरण जुळवला आणि मांडवाकडून म्हणवून घेतला:

माय चालत होती, अंगण झाडत गेली।
माय आता बसली, लेक उठती झाली॥

टाळांनी मांडव दणाणला. रामाजींच्या डोळ्यांना धार लागली होती, पण त्यांनी वीणा सोडली नाही, म्हणून ती पुसताही येईना. भागीरथाबाई रिकामा गडू मांडीत घेऊन डोलत होत्या.

हंडी फुटली, पंगती उठल्या. त्यानंतर मात्र एक गंमत झाली. सवयीने टोपल्या भरल्या गेल्या. सवयीने टाळ वाजू लागले. निर्माल्य आणि उष्ट्या ताटल्या डोक्यावर घेऊन दिंडी सवयीनेच नाल्याच्या तोंडाशी गेली. आणि तिथे पुढची बाई थांबली. तिच्या मागची थांबली. वाजता वाजता सगळी दिंडी थांबली. आत्ताच तर कीर्तन ऐकून आलो! टोपल्या डोक्यावर, पुढे हिरवं शेवाळलेलं पाणी, आणि टाकावं कुठे हे कुणालाच माहीत नाही. परत न्यावं तर निर्माल्य घरात कसं न्यायचं? टाळकरी आपले वाजवतच होते, कारण थांबा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

"आता काय रातभर असेच उभे राहता का?" नाल्यापलीकडच्या बांधीवरून आवाज आला. हर्षाचा नवरा नागसेन, कमरेवर हात ठेवून उभा.

"तू सांग ना मंग, कुठी न्यावं?" रामाजी खेकसले.

"माह्या बांधीच्या कोपऱ्यात शेनखताचा खड्डा आहे. फुलं, पानं त्याच्यात टाका. थर्माकोल मले नोको, ते तुमच्या देवालेबी पचनार नाई." मग जरा हसून म्हणाला, "तुमच्या देवाची फुलं माह्या धानाले चालतीन का, ते पन सांगा."

रामाजी क्षणभर घुटमळले. भागीरथाबाईंनी मागून म्हटलं, "चालतीन. अन् त्या धानाचा भात पुढच्या काल्याले चालन."

"येईन ना घेऊन," नागसेन म्हणाला. "पन जेवाले बसीन."

"बसजो गा, बसजो. मिरचीची भाजी महाराजाच्या बाजूनं वाढीन तुले," रामाजी म्हणाले, आणि दिंडी टाळांच्या गजरात नागसेनच्या बांधीकडे वळली. अशी दिंडी मी जन्मात पाहिली नव्हती. खड्ड्याभोवती उभं राहून आम्ही पुंडलिक वरदे म्हटलं.

थर्माकोलच्या ताटल्या देवळामागे पोत्यांत भरल्या. त्यांच्याकडे बघून बघून लाज वाटावी म्हणून रामाजींनी त्या महिनाभर हलवू दिल्या नाहीत. मग पंचायतीने तालुक्याला पाठवल्या आणि ठरलं की पुढल्या सप्ताहाला पळसाच्या पत्रावळी. बायकांनी उन्हाळ्यात दुपारी दुपारी बसून टाचल्या. गुणाबाईंच्या हाताला या कामात तोड नाही. भागीरथाबाईंच्या ओसरीवर बसूनच त्यांनी अर्ध्या टाचल्या. विहिरीवरच्या त्या बोलण्याचा विषय दोघींनी कधी काढला नाही. काढायचं कारणही उरलं नव्हतं.

उकिरडा हलवायला मात्र घाम निघाला. प्रत्येकाला तो दुसऱ्याच्या दाराजवळ हवा होता. शेवटी ज्याने त्याने आपापल्या परसात खड्डा केला. गटाराच्या तोंडाशी पंचायतीने शोषखड्डे घेतले. नाल्याचं तोंड उपसताना काय काय निघालं ते सांगत नाही, तुम्हाला जेवायचं असेल. आषाढात बांधाची दारं उघडली, पूर आला आणि पहिल्यांदाच त्याला आमच्याकडून न्यायला काही नव्हतं. उलट तोच काही ठेवून गेला. नाल्याच्या तोंडाशी स्वच्छ पांढरी रेती पसरली होती.

दिवाळीनंतर दारं लागली. पाणी पुन्हा पायरीशी आलं, पुन्हा हिरवट झालं. सगळं काही बदललं असं मी म्हणणार नाही. वरच्या गावांचं काय काय त्यात येतं ते त्यांनाच ठाऊक. त्यांच्याकडेही कधी तरी सप्ताह बसेल, तेव्हा हेमराज महाराज आहेतच.

पण एका सकाळी भागीरथाबाईंनी मला हाक मारली. "चाल वो, चपला धराले."

त्या नाल्याच्या तोंडाशी गेल्या. जंगलातून आलेलं पाणी रेतीवरून झुळझुळत, पायाचा घोटा बुडेल एवढं, गंगेला मिळत होतं. त्या मिळण्याच्या जागेपासून थोडं वर त्यांनी हाताने रेती उकरली. झिरा लागला. आधी गढूळ, मग हळूहळू निवळत गेला आणि काठ ओलांडून आपली बारीकशी वाट काढत नदीकडे निघाला.

"धार आहे वो," त्या म्हणाल्या. एवढंच. मग कितीतरी वेळ त्याकडे बघत बसल्या. मी चपला धरून कुडकुडत होते.

हर्षाची बाटली पुन्हा देव्हाऱ्यात बसली. या वेळी ती काळी पडली नाही. तरी हर्षा म्हणालीच, "बाई, तरीबी उकळून घ्या. लोक खूप असतात."

यावर गावात जो शास्त्रार्थ झाला तो कीर्तनाहून रंगला. तीर्थ उकळावं का? रामाजी म्हणाले, उकळलं की त्यातलं गंगापण जातं. कुणी म्हणालं, तीर्थाचा चहा करता का? शेवटी महाराज आल्यावर प्रश्न त्यांच्यापुढे गेला. महाराज मिरचीची भाजी खात होते, डोळ्यांतून पाणी. पुसत म्हणाले, "मार्गशीर्षात देवाले आंघोळ कोनत्या पान्यानं घालता, रामाजी?"

"ऊन पान्यानं. थंडी असते ना."

"मंग देवाचं देवपन गेलं का त्यात?"

रामाजींनी ताटातला भात कालवायला घेतला.

काल्याच्या सकाळी भागीरथाबाईंनी झिऱ्याचं पाणी चुलीवर उकळलं, तुळशीची चार पानं टाकली, निवू दिलं आणि गडूत भरलं. मांडवात नागसेनच्या बांधीतल्या धानाच्या भाताचा वास दरवळत होता आणि तो स्वतः शेवटच्या खांबाशी पाय मुडपून बसला होता. हर्षा बायकांत होती. महाराज उभे राहिले. रामाजींनी वीणा धरली.

"वहिनी, गडू."

भागीरथाबाई गेल्या. महाराजांनी हात पुढे केले.

त्यांनी गडू दिला. महाराजांनी तो कपाळाला लावला आणि घटाघट प्याले. मग थांबून म्हणाले, "माय, अजून कोमट आहे."

"थंडी आहे महाराज," भागीरथाबाई म्हणाल्या. "तुमच्या गळ्याले बरं."

मग पळी फिरली. गुणाबाईंनी पहिला हात पुढे केला. माझ्या तळहातावर पडलेलं पाणी मी प्याले, ओला हात केसांवरून फिरवला आणि मृदंगावर थाप पडली.